घासाघीस म्हणजे काटकसर नव्हे

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि बसलोय तो भांडायलाच. भांडण घरातलंच आहे. मागच्या रविवारी दादाकडे जेवायला जमलो होतो, तेव्हा ते अर्धवट राहिलं. कारण आमरस वाढायला आला, आणि आमरसापुढे आमच्या घरात कुठलंही तत्त्व टिकत नाही. म्हणून उरलेलं इथे. दादा-वहिनी हे वाचणार आहेतच. फोन उचलण्याआधी शेवटपर्यंत वाचावं, एवढीच विनंती.

विषय काय, तर काटकसर. दादाचं म्हणणं असं की प्रवासात खाण्यापिण्यावर पैसे कसे वाचवायचे हे आमच्या घराला उपजत कळतं, आणि माझं म्हणणं असं की ते आम्हाला जर्मनीत कळलं आणि जव्हारला पोहोचेपर्यंत आम्ही विसरलो.

आधी जर्मनीचं सांगतो. जून २०१९. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, मी आणि बायको असे सहा जण, आणि भाड्याने घेतलेलं मोटरहोम. म्हणजे चाकांवरचं घर: मागे बिछाने, मध्ये टेबल, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा ओटा आणि उघडला की सगळ्यांचे गुडघे अडवणारा एक फ्रीज. तिथे सहा जणांनी हॉटेलात एकदा जेवायचं म्हणजे ऐंशी-नव्वद युरो. पहिल्याच दिवशी ते बिल बघून वहिनीने कमान हातात घेतली, आणि पुढचे चौदा दिवस जे चाललं त्याला मी आजही सलाम करतो.

मुंबईहून डाळ, तांदूळ, भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा आणि कुकर नेला होता. (दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे साजूक तुपाचा डबा आईने दिला आणि आम्ही परत ठेवला. ते तिने अजून माफ केलेलं नाही.) बाकी सगळं तिथे घेतलं. हायवेवरच्या पंपाच्या दुकानात काही घ्यायचं नाही, कारण तिथे तीच बाटली दीडपट-दुप्पट. गावात शिरायचं आणि आल्डी किंवा लिडल गाठायचं. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी जायचं. तेव्हा ब्रेड आणि सॅलडवर किंमत उतरवल्याच्या चिठ्ठ्या लागलेल्या असतात. रिकाम्या बाटल्या जपायच्या, कारण प्रत्येकीमागे २५ सेंटची अनामत परत मिळते. आणि मुख्य म्हणजे, जिथे आहोत तिथलं आणि त्या दिवसांतलं खायचं. जूनमध्ये तिथे नवे बटाटे, कोबी आणि स्ट्रॉबेरी. पांढऱ्या शतावरीचा हंगाम २४ जूनला संपतो, म्हणून तीही एकदा आणली आणि वहिनीने तिची चक्क पिठलं-भाजी केली! चौदा दिवसांचा किराणा साडेतीनशे युरोत बसला. दिवसाला पंचवीस. सहा माणसांचा.

आता त्यातलीच एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण माझा पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. एका गावाबाहेर शेताच्या कडेला लाकडी टपरी होती. टपरीत माणूस नाही. टेबलावर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या, अंडी, मधाच्या बरण्या, पाटीवर लिहिलेले भाव, आणि पैसे टाकायला एक पत्र्याची पेटी. टोपली चार युरोंची. वहिनीकडे पाचची नोट, सुटे कुणाकडेच नाहीत. तिने नोट घडी करून पेटीत टाकली आणि म्हणाली, "जाऊ दे एक युरो. विश्वासाने ठेवलंय बिचाऱ्यांनी." आम्हा सगळ्यांना इतकं भरून आलं की परत आल्यावर निदान वीस नातेवाइकांना हा किस्सा सांगून झालाय. तेव्हाचा एक युरो म्हणजे अठ्ठ्याहत्तरेक रुपये.

आता जव्हार.

ऑगस्ट २०२४, पंधरा ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी. तेच सहा जण, दोन गाड्या. मुलुंडहून भिवंडी, वाडा, विक्रमगड करत जव्हार. ज्यांनी हा रस्ता श्रावणात पाहिलेला नाही त्यांनी एकदा पाहाच. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, उतारांवर नाचणी-वरईच्या पट्ट्या, आणि ढग इतके खाली की गाडीचे दिवे लावावे लागतात. मुकणे राजांचं हे संस्थान. जयविलास राजवाडा, दाभोसाचा धबधबा, सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले असं सांगतात ते शिरपामाळ, आणि पुढे मोखाड्याकडे सूर्यमाळ. सगळं पाहिलं. फोटोही भरपूर काढले.

स्वयंपाकघर असलेला बंगला घेतला होता, जर्मनीसारखंच हाताने करून खायचं म्हणून. पण निघायच्या आदल्या रात्री आम्ही मुलुंडच्या मॉलमध्ये गेलो आणि तीन दिवसांचं सगळं तिथेच भरलं. तांदूळ, डाळी, कोबी, फ्लॉवर, थंडगार वाटाणे, चीज, ब्रेड, वेफर्सची पोती, पाण्याच्या बाटल्यांचे तीन खोके. बिल ९,८०० रुपये. मी दिलं म्हणून आकडा आठवतोय. त्यात अर्धा किलो नाचणीच्या पिठाची एक पुडीही होती, ७५ रुपयांची, कारण बायकोला डॉक्टरांनी नाचणी सांगितलीय. म्हणजे आम्ही मुलुंडहून नाचणी विकत घेऊन, मोटारीत घालून, जव्हारला नेली. ज्या घाटात नाचणी पिकते त्या घाटातून! हे त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तिसऱ्या दिवशी, जव्हार-मोखाडा रस्त्यावर एका वळणाशी एक बाई बसली होती. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, पुढ्यात पळसाच्या पानांवर करटुल्यांचे वाटे, शेजारी चार-पाच वर्षांचा मुलगा. वाटा पन्नासला. मुंबईच्या बाजारात करटुली किलोला तीनशेच्या घरात जातात हे वहिनीला तोंडपाठ. तरी ती म्हणाली, "तीन वाटे शंभरला द्या." बाई म्हणाली, "परवडत नाय ओ." वहिनी गाडीकडे वळली. तो आपला नेहमीचा डाव, दोन पावलं चालायची आणि हाक यायची वाट बघायची. आणि मी, जो आज इथे शहाणपणाने लिहितोय, तो छत्री धरून उभा होतो. मी म्हणालो, "द्या हो मावशी, सगळंच घेतोय तुमचं."

हाक आली. वाटे पिशवीत पडले. शंभरची नोट दिली. मग वहिनीने गाडीतून क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे काढून त्या मुलाला दिले, आणि तो हसला तेव्हा मी फोटो काढला.

गाडीत सगळे खूश. पन्नास रुपये वाचले होते.

मला तेव्हा काहीही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पश्चात्तापाने झोप उडाली वगैरे काही नाही, उलट करटुल्यांची भाजी दोनदा वाढून घेतली. घरी आल्यावर खर्चाची वही मांडायला बसलो (ही सवय वडिलांची) तेव्हा मात्र हात थांबला. बंगल्याचं भाडं मालकाच्या खात्यात, आणि मालक राहतो मुंबईत. पेट्रोल भिवंडीला भरलेलं. किराणा मुलुंडचा. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत, तीन दिवसांत, सहा माणसांनी खाण्यापिण्यावर खर्च केले होते एकूण ३६० रुपये: चहा-भजी २६० आणि करटुली १००. आणि त्या ३६० मधले सुद्धा पन्नास आम्ही कमी करून घेतले होते.

इथून पुढे माझं भांडण.

पहिला मुद्दा अगदी कोरडा, हिशेबाचा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे दोन पावलं गाडीकडे चालून आम्ही कापलेले पन्नास रुपये हा एका दिवसाच्या मजुरीचा सहावा हिस्सा. करटुलं हे काही शेतात ओळीने लावलेलं पीक नव्हे. रानात, कुंपणांच्या काट्यांत वेल शोधायचे. त्यातही नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा, त्यामुळे वेल सापडला म्हणजे फळ सापडलंच असं नाही. एक वाटा भरायला किती हिंडावं लागत असेल ते ज्याने त्याने ठरवावं. ते न ठरवताच आम्ही भाव ठरवला.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि हा मला सगळ्यात जास्त टोचतो. आपण जव्हारला कधी जातो? पावसाळ्यात. धबधबे तेव्हा असतात म्हणून. आणि त्या घरांत धान्याची कणगी रिकामी कधी होते? तेव्हाच. आषाढ-श्रावणात भात अजून खाचरात हिरवा असतो, तो हाती यायचा दसरा-दिवाळीच्या सुमारास. नाचणी-वरईला आणखी वेळ. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं पावसाच्या तोंडावर परत येतात, आणि तिथली कमाई उचल फेडण्यातच बरीच संपलेली असते. या दिवसांत रानभाजी म्हणजे आपल्या महोत्सवांतल्यासारखी हौस नसते, ती जेवणाची आधार असते. रस्त्याच्या कडेला पानावर मांडलेला वाटा हा अनेकदा घरातल्या ताटातून उचलून आणलेला असतो, तेल-मीठ-मिरचीचे पैसे व्हावेत म्हणून. तिच्या वर्षातल्या सगळ्यात रिकाम्या महिन्यात आपण आपल्या वर्षातली सगळ्यात भरलेली पिशवी घेऊन जातो, आणि तिथे उभं राहून भाव पाडतो.

हे उगीच भावुक होऊन लिहीत नाहीये. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून जास्त आदिवासी मुलं दगावली. दादा तेव्हा कॉलेजात होता, त्याला ते मथळे आठवतात. ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा मथळे झाले. आम्ही ज्या मुलाला बिस्किटं दिली तो या भागातला आहे. त्याच्या आईकडून पन्नास कापले आणि त्याला तीसेक रुपयांची बिस्किटं दिली. यात वीस रुपये आम्हालाच उरले, आणि वर दानशूरपणाचा फोटो.

तिसरा मुद्दा पाण्याचा. तीन खोके बाटल्या आम्ही नेल्या, "तिकडचं पाणी कसं असेल कोण जाणे" म्हणून. मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे, मुंबई महापालिकेने बांधलेलं. मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची योजना. म्हणजे मुलुंडच्या नळाला येणाऱ्या पाण्यात मोखाड्याचा वाटा आहे, आणि त्याच मोखाड्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आपण मात्र तिकडे जाताना बाटल्या नेतो आणि रिकाम्या करून दाभोशाला टाकून येतो. (आम्ही टाकल्या नाहीत. पण तिथे पडलेल्या दिसल्या त्या आमच्यासारख्यांच्याच होत्या.) जर्मनीत २५ सेंटसाठी बाटली जपणारे आपण!

आता दादाचे आक्षेप. ते मी टाळणार नाही, कारण त्यातले काही बरोबर आहेत.

"पर्यटक दिसला की भाव वाढवून सांगतात." सांगतही असतील कधी. जर्मनीतला हायवेवरचा पंपही वाढवूनच घेतो. तिथे आपण काय करतो? महाग वाटलं तर घेत नाही, पुढे जातो. काउंटरवर उभं राहून "तीन बाटल्या दोनच्या भावात द्या" म्हणत नाही. इथेही तेच करावं. भाव विचारावा, पटला तर द्यावा, नाही पटला तर "नको मावशी" म्हणून पुढे जावं. पण खरंच पुढे जावं, दोन पावलांचं नाटक करू नये.

"घासाघीस ही आपली संस्कृती आहे." आहे ना. दादरला साडीच्या दुकानात आईने केलेली घासाघीस मी कौतुकाने पाहिलीय. पण तिथला दुकानदार भाव सांगतानाच घासाघिशीची जागा ठेवून सांगतो, आणि आई उठून गेली तरी त्याची संध्याकाळची पोळी चुकत नाही. दोघांनाही नाही म्हणून घरी जाता येतं तेव्हा तो खेळ असतो. वळणावरच्या बाईला शेवटची एसटी गाठायची असते आणि वाटा उद्यापर्यंत टिकत नाही. तिला नाही म्हणता येत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणून तर आपण गाडीकडे वळतो.

"तुझ्या पन्नास रुपयांनी कुपोषण हटणार आहे का?" अजिबात नाही. ते काम अंगणवाडीचं, आरोग्य केंद्राचं, रोजगाराचं, आणि ते सरकारने करायचं आहे. ते झालं नाही तर मतपेटीतून विचारायचं आहे. सहलीला जाणाऱ्यांनी ते करावं असं मी म्हणतच नाही. मी दानही करा म्हणत नाही. उलट पोरांना बिस्किटं वाटणं आधी बंद करा म्हणतो. माझं मागणं फार साधं आहे: वस्तू घ्या, सांगितलेला भाव द्या. पत्र्याच्या रिकाम्या पेटीला एक युरो जास्त देताना ज्या मनाला भरून आलं, ते मन जिवंत माणसासमोर एवढं आकसतं का, हे मला कळत नाही. त्या पेटीला "विश्वास" म्हणतो आणि या बाईला "चढवून सांगते" म्हणतो. गोऱ्या शेतकऱ्याचा भाव पाटीवर लिहिलेला असतो म्हणून खरा, आणि हिचा तोंडी असतो म्हणून खोटा?

आणि शेवटचा, दादाचा हुकमी एक्का: "म्हणजे आता पैसे वाचवायचेच नाहीत?" इथेच तर मला दादाला धरायचंय. वाचवायचेत! आम्ही जव्हारला पैसे वाचवलेच नाहीत. पन्नास वाचवले आणि हजारो उडवले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मी आणि बायको दोघंच परत गेलो, दोन दिवस. या वेळी वहिनीचे जर्मनीतले नियम जसेच्या तसे लावले. घरून फक्त तिथे मिळणार नाही ते न्यायचं: मसाला, चहा, औषधं आणि घरच्या नळाचं पाणी भरलेला जार. बाकी सगळं जव्हारच्या बाजारात. तांदूळ, उडीद, अंडी, नाचणीचं पीठ, वरई, खुरासणी, टाकळा, आणि पुन्हा करटुली. बाजारात फिरून, चार ठिकाणी भाव विचारून, जिथे पटला तिथे घेतलं. एकदाही कमी करा म्हटलं नाही. खुरासणीची चटणी आणि नाचणीची भाकरी एका घरी सांगून करून घेतली आणि त्यांनी मागितले तेवढे पैसे दिले. सगळं मिळून १,०८० रुपये. म्हणजे माणशी दिवसाला २७०. आदल्या वर्षी मॉलमधून भरलेल्या किराण्याचा हिशेब माणशी दिवसाला ५४४ होता. जेवण मात्र दुपटीने बरं झालं, आणि उरलेला तांदूळ घरी आणला तो वेगळाच.

नाचणीचंच बघा. २०२५-२६ साठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरवला, म्हणजे किलोला ४९ च्या आत. मॉलमधली आमची पुडी किलोला दीडशेच्या भावाने पडली होती. मधले शंभर रुपये दळणाला, पुडीला, वाहतुकीला आणि झगमगाटाला. ते शंभर आपण हूं की चूं न करता दिले, कारण पुडीवर किंमत छापलेली होती. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचं वर्ष जाहीर केलं, तेव्हा याच आमच्या घरातल्या ग्रुपवर नाचणीच्या लाडवांचे फोटो ओसंडून वाहत होते. आषाढीला भगर म्हणून जी वरई आपण भक्तिभावाने खातो तीही असल्याच उतारांवर पिकते. उपवासाला चालते, पिकवणारीला मात्र पन्नास कमी चालतात!

तर माझ्या मते काटकसर म्हणजे आपली हौस, आपला आळस आणि आपली झगमगाटाची भूक आवरणं. ती वहिनीने जर्मनीत केली आणि मी तिचा आजन्म चाहता आहे. आम्ही वळणावर केली ती दुसऱ्याच्या पदरातली बचत होती. ती आमच्या वहीत लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही.

असो. फारच लांबलं. पुतण्या म्हणतोय की महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलंय, तर यंदाच्या पावसाळ्यात तसली गाडी मिळते का बघू आणि पुन्हा सगळे मिळून जव्हार-मोखाड्याला जाऊ. मला मंजूर आहे. वहिनी, कमान तुझ्याच हातात, नियम तुझेच. फक्त आदल्या रात्री मॉलला जायचं नाही. आणि दहा-वीसच्या नोटा मी बँकेतून आणून ठेवतो, म्हणजे त्या वळणावर सुट्यांवरून अडायला नको.